ॲल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाऊस : एका घराची दोन बिऱ्हाडं

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, कक्मिअर नदीच्या काठी ॲल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. गावच्या हिरवळीवर सेंट अँड्र्यूचं चौदाव्या शतकातलं चर्च उभं आहे आणि त्याच्या सावलीत पेंढ्यानं शाकारलेलं, लाकडी सांगाड्याचं एक लांबट घर. त्याला क्लर्जी हाऊस म्हणतात. १८९६ साली जुन्या वास्तू आणि निसर्गरम्य जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं ते १० पौंडांना विकत घेतलं. संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि तिनं विकत घेतलेली ही पहिली इमारत. आज त्या संस्थेच्या ताब्यात किल्ले आहेत, राजवाड्यासारखी घरं आहेत, मैलोन्‌मैल समुद्रकिनारा आहे. सुरुवात मात्र या पडक्या घरापासून झाली.

खरेदीची ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्यापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्या १० पौंडांत नेमकं काय विकत घेतलं गेलं? कागदावर एक मध्ययुगीन घर. प्रत्यक्षात शेतमजुरांच्या दोन कॉटेज, म्हणजे आपल्या भाषेत दोन बिऱ्हाडं. मूळ एका घराच्या पोटात भिंती घालून ती केलेली होती. दुरुस्ती करायची म्हटल्यावर ठरवावं लागतं की यातलं कोणतं घर दुरुस्त करायचं. चौदाव्या शतकातलं की एकोणिसाव्या शतकातलं? लाकडाचा सांगाडा दोघांचा एकच, पण त्याच्या आत राहिलेली माणसं वेगळी आणि त्यांच्या खुणाही वेगळ्या.

मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या मोजणीचं आणि दुरुस्तीचं काम करते. म्हणून हे घर पाहताना मला परकेपणा फारसा जाणवला नाही. शब्दसुद्धा आपल्याकडचेच पुरले.

सांगाडा

या प्रकारच्या घराला वील्डन हाऊस म्हणतात. केंट आणि ससेक्समधला वील्ड हा जुना जंगलपट्टा, त्यावरून हे नाव. केंटमध्ये अशी शेकडो घरं आजही उभी आहेत. त्यातली बहुतेक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची. त्यामागचं एक कारण भयंकर आहे. १३४८-४९ च्या प्लेगनं इंग्लंडची फार मोठी लोकसंख्या मारली. जे वाचले त्यांच्या वाट्याला जास्त जमीन आली, मजुरी वाढली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत सधन शेतकऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. त्यांनी टिकाऊ घरं बांधली. क्लर्जी हाऊसला नाव पाद्र्यांचं आहे, पण आराखडा याच शेतकरी घराचा.

आराखडा समजला की बाकी सगळं समजतं. घराचे तीन भाग. मधोमध हॉल. आज आपण फ्लॅटमधल्या बैठकीच्या खोलीला हॉल म्हणतो, पण हा हॉल म्हणजे जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा असलेला, दोन खणांचा उंच दालनवजा भाग. दोन्ही बाजूंना दुमजली टोकं. एका टोकाला मालकाची खाजगी खोली, वर झोपायची जागा. दुसऱ्या टोकाला धान्य, दूध, दारू ठेवायच्या कोठारखोल्या. हॉलच्या खालच्या अंगाला समोरासमोर दोन दारं, त्यामुळे घरातून आरपार जाणारी एक बोळासारखी वाट. मालक बसतो ते वरचं अंग, नोकरमाणसं वावरतात ते खालचं. आपल्याकडे देवडी, सोपा, माजघर या क्रमानं कोण कुठवर येणार हे ठरायचं, तसंच इथे हॉलच्या लांबीनं ठरायचं.

बाहेरून हे घर ओळखण्याची खूण अशी: दोन्ही टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीपेक्षा थोडे पुढे आलेले असतात. मधला हॉल मात्र मागे. पण छप्पर एकच, सरळ. म्हणजे हॉलसमोर छपराची वळचण भिंतीपासून पुढे अधांतरी राहते. तिला आधार द्यायला दोन्ही टोकांच्या कडेपासून वाकडे टेकू निघून वरच्या तुळईला भिडतात. हे टेकू सुतारानं वाकडं लाकूड शोधून केलेले असतात, सरळ लाकूड वाकवून नव्हे. जंगलात झाड कसं वाढलंय हे बघून सुतार मनात घराचा भाग ठरवायचा.

लाकूड ओक. आणि ओलं. आपल्याकडे सागवान वाळवून वापरायचं हे बाळकडू असल्यामुळे मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलंच नव्हतं. पण वाळलेला ओक इतका कठीण होतो की हातहत्यारांनी खाचा पाडणं जिवावर येतं. म्हणून ताजं तोडलेलं लाकूड तासून, खाचा पाडून, आधी अंगणातच आडवं जुळवून बघायचे. प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरायच्या, म्हणजे उभारताना चौथ्या खांबाला चौथीच तुळई लागेल. मग सगळं सोडवून जागेवर नेऊन उभं करायचं. खिळा एकही नाही. खाचेत जीभ बसवायची आणि आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकायची. यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो: दोन लाकडांतली भोकं मुद्दाम एकमेकांपासून केसभर सरकवून पाडलेली असतात. खुंटी ठोकली की ती ती भोकं एका रेषेत आणायला बघते आणि सांधा आवळला जातो. नंतर लाकूड वाळून आखडतं, पिळतं, घर किंचित झुकतं, पण सांधा सुटत नाही. अशा घरांचा वाकडेपणा म्हणजे बांधणाऱ्याची चूक नव्हे. पहिल्या काही वर्षांत लाकूड स्थिरावलं त्याची ती आठवण आहे.

खांब आणि तुळयांमधल्या चौकटी कुडानं भरायच्या. ओकच्या उभ्या काठ्या, त्यात विणलेल्या बारीक फांद्या आणि वर दोन्ही बाजूंनी माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गिलावा. कोकणात कारवीच्या कुडाला जे लिंपण असतं त्यात आणि यात फरक शोधावा लागेल. सुमारे सात हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन माणसांना हाताशी असलेल्या वस्तूंनी एकच उत्तर सुचवलं.

चूल, धूर आणि काजळी

मूळ हॉलला धुराडं नव्हतं. जमिनीच्या मध्यभागी उघडी चूल आणि धूर वर छपरात. तिथून तो पेंढ्यातून, छपराच्या टोकांवरच्या फटींतून वाट काढायचा. म्हणूनच हॉल आढ्यापर्यंत मोकळा ठेवणं भाग होतं: वर मजला घातला असता तर माणसं धुरात गुदमरली असती. खिडक्यांना काच नाही, फक्त उभ्या लाकडी गजांची ओळ आणि आतून सरकती फळी.

ही चूल गेली, पण तिची साक्ष राहिली. मोकळ्या हॉलवरचे वासे काजळीनं काळे पडतात. वरवर धूळ बसल्यासारखे नव्हे, लाकडाच्या अंगात मुरल्यासारखे. नंतरच्या काळात हॉलमध्ये मजला घातला, छत ठोकलं, तरी ते काळे वासे छताच्या वर अंधारात तसेच राहतात. अभ्यासक अशा घरात आले की जिना चढून आधी माळ्यावर जातात. वासे काळे असतील तर खाली एके काळी मोकळा हॉल होता. एका ठराविक तुळईपाशी काळेपणा थांबत असेल, तर तिथे हॉल संपून दुमजली टोक सुरू व्हायचं. खालच्या खोल्या कितीही बदललेल्या असोत, घराचा मूळ आराखडा वर काजळीत लिहिलेला सापडतो.

लाकूड याहून बारीक गोष्टीही सांगतं. तुळईच्या खालच्या अंगाला चौकोनी खाचांची ओळ दिसली आणि खाचा तिरक्या, शंकरपाळ्यासारख्या असल्या, तर तिथे गजांची बिनकाचेची खिडकी होती. एका तुळईत गोल भोकांची रांग आणि समोरच्या लाकडात सलग खोबणी, म्हणजे तिथे कुडाची भिंत होती. खुंटीचं भोक आहे पण त्याला भिडणारं लाकूड नाही, म्हणजे कुणीतरी एक तुळई काढून नेली. वर्ष ठरवायचं तर झाडाच्या वलयांची जाडी मोजतात. ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद, असा जो नमुना तयार होतो तो आधीच तारीख कळलेल्या लाकडांशी जुळवतात. साल शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी पडलं तेही कळतं. लाकूड ओलंच वापरायचे म्हणून झाड तोडल्याचं वर्ष म्हणजे जवळपास घर बांधल्याचं वर्ष.

ॲल्फ्रिस्टनच्या हॉलमध्ये उभं राहून वर पाहिलं की आडव्या तुळईच्या मध्यावर एक आखूड खांब दिसतो. त्याच्या माथ्यावरून चार दिशांना वाकडे टेकू फुटलेले. याला क्राउन पोस्ट म्हणतात. त्याचं काम छपराच्या वाशांना मधून आधार देणाऱ्या लांब लाकडाला पेलणं. पण सुतारानं ते काम जितक्या देखण्या रीतीनं केलंय तितकी गरज नव्हती. हॉल हा घरातला दाखवायचा भाग, पाहुणा इथेच बसणार. पायाखाली जमीन खडूच्या दगडाची, ठोकून घट्ट केलेली. ससेक्सच्या जुन्या रीतीप्रमाणे ती आंबट दुधानं बांधून घेतलेली आहे. मी हात लावून बघितला: गार, गुळगुळीत, आपल्याकडच्या चोपण्यानं ठोकून सारवलेल्या जमिनीसारखी, फक्त पांढरी.

एकाची दोन

आता मुद्द्याचा भाग. असं घर दोन कॉटेजमध्ये कसं वाटलं जातं?

पहिला बदल वाटणीचा नव्हताच, तो सुखसोयीचा होता. सोळाव्या-सतराव्या शतकात विटा स्वस्त झाल्या आणि घराघरात धुराडी आली. धूर नळातून बाहेर जाऊ लागल्यावर हॉल मोकळा ठेवायचं कारण उरलं नाही. लोकांनी हॉलमध्ये मजला घातला, वर खोल्या मिळाल्या. धुराड्याचा विटांचा जाडजूड ठोकळा बहुतेक वेळा आरपार वाटेच्या जागी किंवा हॉलच्या एका टोकाला बसवला गेला आणि त्याला पाठीला पाठ लावून दोन चुली ठेवल्या. एक हॉलकडे तोंड केलेली, दुसरी शेजारच्या खोलीकडे.

हे करणाऱ्याच्या मनात घर तोडणं नव्हतं. पण शे-दीडशे वर्षांनी घर वाटायची वेळ आली तेव्हा वाटणीची रेघ तयार होती. दोन्ही बाजूंना चूल, मध्ये विटांची भिंत. फक्त एक दार बंद करायचं, एक नवं पाडायचं, दुसऱ्या बिऱ्हाडाला एक चिंचोळा जिना द्यायचा. अशा असंख्य घरांची फाळणी या एका धुराड्याच्या रेषेवर झालेली आहे. घराचा नकाशा हाती आला की मी आता प्रथम धुराडं शोधते.

वाटायची वेळ का आली, हे शेतीच्या इतिहासात आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लहान शेतं मोठ्या शेतांत गेली. दोन-तीन शेतांचा एक मालक झाला की त्याला घर एकच लागतं. उरलेली घरं रिकामी राहायची किंवा मजुरांना द्यायची. मजुराला अख्खं घर परवडत नाही आणि मालकाला भाडं दोन ठिकाणांहून आलेलं बरं. म्हणून दोन बिऱ्हाडं, कुठे तीन, कुठे चार. क्लर्जी हाऊस चर्चच्या मालकीचं होतं, तिथेही शेवट तोच झाला. पाद्र्यांना अधिक सोयीचं घर हवं होतं, जुनं घर मजुरांकडे गेलं.

पुण्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. वाड्याचा मालक एक, बिऱ्हाडं बारा, सोप्यात फळ्यांचं पार्टिशन, माजघराचे दोन तुकडे, जिन्याखाली स्वैपाकघर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला करवेना. दोन्ही ठिकाणी कारणं वेगळी आहेत, काळही वेगळा. सारखी आहे ती लाकडावर उमटलेली खूण: नक्षीदार खांबाच्या मधोमध ठोकलेली पार्टिशनची पट्टी.

आणि इथेच मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. ही वाटणी झाली म्हणून ही घरं वाचली. ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी आपली मध्ययुगीन घरं पाडून अठराव्या शतकात विटांची बांधली, किंवा खिडक्या, दारं, छपरं सगळं बदलून टाकलं. गरीब भाडेकरूच्या घरात कुणी छत उघडून काळे वासे बदलत नाही. गळलं तर तेवढ्यापुरतं शाकारतात, भिंत पडली तर चुन्याचा गिलावा मारतात. त्या गिलाव्याखाली कूड, खाचा, सुताराच्या रेघा शाबूत राहतात. उलट विसाव्या शतकात हीच घरं पुन्हा एक करून श्रीमंतांनी घेतली तेव्हा कित्येक ठिकाणी लाकडं उघडी करून, घासून, काळी रंगवून टाकली. काळी लाकडं आणि पांढऱ्या चौकटी हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं ते बरंचसं व्हिक्टोरियन काळाच्या आवडीतून आलेलं. मूळ ओक उघडाच राखाडी पडायचा किंवा लाकूड आणि कूड दोन्हींवर एकत्र चुना फिरवायचे. घासण्यानं काजळी जाते, रेघा जातात, आणि घराचा कागद कोरा होतो.

पाडायचं ठरलं होतं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीला मंदी आली होती. अमेरिकेतून स्वस्त धान्य येत होतं आणि गावातल्या मोडक्या घरावर खर्च करायला कुणीच तयार नव्हतं. क्लर्जी हाऊस पाडायचं ठरलं. तेव्हा तिथे हॅरिएट कोट्स नावाची म्हातारी भाडेकरू राहत होती. सांगतात की मरेपर्यंत मला इथेच राहू द्या, अशी तिनं विनंती केली आणि पाडापाडी लांबली. ती गेली तोवर गावाला नवे व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे पाद्री, लाभले होते, बेनन नावाचे, आणि त्यांना हे घर राखायचं होतं.

बेनन यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसनं १८७७ साली काढलेल्या संस्थेकडे धाव घेतली. या संस्थेचं मत त्या काळात बंडखोर होतं. तेव्हा जीर्णोद्धार म्हणजे इमारत एका ठराविक आदर्श काळात परत नेणं. नंतरचं सगळं खरवडून काढायचं आणि नवं काम जुन्यासारखं दिसेल असं करायचं. मॉरिसची मंडळी म्हणायची की असं करू नका. जे कुजलंय तेवढंच बदला, नवं लाकूड नवं म्हणून दिसू द्या, प्रत्येक काळाची भर इमारतीचाच भाग आहे. पण या संस्थेकडे घर विकत घ्यायची सोय नव्हती. ती सोय नव्या नॅशनल ट्रस्टकडे होती. वकील रॉबर्ट हंटर, पाद्री हार्डविक रॉन्सली आणि ऑक्टेव्हिया हिल या तिघांनी १८९५ साली तो स्थापन केला होता. वेल्समधल्या बार्मथजवळचा समुद्राकडे पाहणारा डोंगरउतार त्यांना आधीच दान मिळाला होता. घर मात्र हे पहिलं.

ऑक्टेव्हिया हिल यांच्या सहभागापाशी मी नेहमी थांबते. १८६५ पासून त्या लंडनमधल्या गरिबांच्या भाड्याच्या खोल्या चालवत होत्या. मेरिलबोनमधली पहिली घरं लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनच्या पैशांतून घेतलेली. आठवड्याला स्वतः दारात जाऊन भाडं घ्यायचं, गळकं छप्पर दुरुस्त करायचं, एका खोलीत कोंबलेल्या कुटुंबाला दुसरी खोली मिळवून द्यायची, हे त्यांचं रोजचं काम. बिऱ्हाड म्हणजे काय, हे त्या काळात इंग्लंडमध्ये त्यांच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक होतं. आणि त्याच बाईंनी ज्या घरासाठी पैसे गोळा केले ते घर बिऱ्हाडांचं होतं, पण वाचवायचं ते बिऱ्हाडं होण्याआधीचं म्हणून. त्यांना ही विसंगती वाटली नसावी. घर कोसळत होतं, आधी ते उभं ठेवणं गरजेचं होतं. खरेदीच्या १० पौंडांच्या कितीतरी पट पैसा दुरुस्तीला लागला आणि तो लोकांकडे मागून उभा केला गेला.

काय ठेवलं, काय गेलं

दुरुस्तीचं काम आल्फ्रेड पॉवेल या तरुण आर्किटेक्टकडे आलं. पुढे हा माणूस मातीच्या भांड्यांवरच्या चित्रकामासाठी प्रसिद्ध झाला. मॉरिसच्या विचारांतला असल्यामुळे त्याचा हात जपून चालणारा होता. लाकडी घराला पहिला मार बसतो तो पायाशी. खांब जिथे आडव्या तुळईवर उभे राहतात तिथे ओल चढते, लाकूड भुसभुशीत होतं, आणि वरचा सगळा भार एका बाजूला सरकतो. अशा वेळी सगळा खांब बदलणं सोपं पण चुकीचं. कुजलेलं टोक तेवढं कापायचं, नवं लाकूड लांब तिरका सांधा करून जोडायचं, आणि तो सांधा लपवायचा नाही. या पद्धतीत सुताराला दुप्पट वेळ लागतो. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या सुताराची खूण जागच्या जागी राहते.

हॉल आज आढ्यापर्यंत मोकळा आहे. पाहणारा आत येतो, वर बघतो, आणि त्याला चौदाव्या शतकातलं घर दिसतं. हॉलमध्ये छपराखालच्या कोरीव पट्टीच्या टोकाला ओकचं पान कोरलेलं आहे. ट्रस्टचं ओकपानांचं बोधचिन्ह १९३० च्या दशकात तयार झालं, त्याचा उगम या पानात असावा असंही म्हणतात.

दोन बिऱ्हाडं मात्र आज पाहणाऱ्याला दिसत नाहीत. माझा आक्षेप इथे आहे, आणि तो पॉवेलवर नाही. १८९६ साली मजुरांच्या कॉटेज म्हणजे इतिहास, असं कुणाच्या डोक्यात येण्याचा काळच नव्हता. देशभर लाखो कॉटेज होत्या, त्यात माणसं दाटीवाटीनं राहत होती, आणि त्यांची दुरवस्था ही समस्या होती, वारसा नव्हे. मोकळा हॉल दुर्मिळ होता म्हणून तो निवडला गेला. आज उलट झालंय. मोकळे हॉल पुष्कळ दुरुस्त होऊन बघायला मिळतात आणि शेतमजुराचं वाटलेलं घर, जसंच्या तसं, शोधावं लागतं. गरिबांचं घर कुणी जपून ठेवत नाही, ते वापरून संपतं.

याच भागात चिचेस्टरजवळ सिंगलटनला एक खुलं संग्रहालय आहे, वील्ड अँड डाउनलँड. पाडली जाणारी घरं लाकूड-लाकूड सोडवून इथे आणून उभी केली जातात. तिथलं बेलीफ (Bayleaf) नावाचं घर केंटमधल्या बो बीचच्या जलाशयात बुडणार होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी ते सोडवून आणलं आणि १५४० च्या सुमारास जसं असेल तसं मांडलं. हॉल मोकळा, मध्ये चूल. अप्रतिम काम आहे. पण त्याच संग्रहालयात वॉल्डर्टन गावचं एक घर आहे, त्यानं मला अधिक शिकवलं. मध्ययुगीन लाकडी सांगाड्याचे अवशेष त्याच्या पोटात आहेत, बाहेरून सतराव्या शतकात चढवलेलं गारगोट्यांचं आणि विटांचं कवच आहे, आणि पुढे त्याच्या दोन कॉटेज झाल्या होत्या. ते उभं करताना त्याला लाकडी हॉल करायचा मोह टाळला गेला. एका काळाच्या पोटात दुसरा काळ कसा बसतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

क्लर्जी हाऊसच्या बाबतीत आता काही परत आणता येत नाही, आणि खोटं पार्टिशन ठोकणं तर मॉरिसच्या मंडळींनीच हाणून पाडलं असतं. पण सांगता नक्की येतं. घराच्या माहितीत मालक, सुतार, पाद्री, वाचवणारे या सगळ्यांइतकीच जागा भाडेकरूंना हवी. गावातल्या जनगणनेच्या नोंदींत १८४१ पासून दर दहा वर्षांनी घरटी माणसांची नावं, वयं, धंदे उतरलेले असतात. तिथे एकाच छपराखाली दोन कुटुंबं दोन ओळींत सापडतात. हॅरिएट कोट्सची गोष्ट सांगताना ती एक हळवी म्हातारी म्हणून सांगितली जाते. ती त्या घराची शेवटची जाणती रहिवासी होती. कोणत्या भिंतीला ओल येते, कोणती चूल धुरकटते, वारा कुठून शिरतो, हे पॉवेल येण्याआधी तिला ठाऊक होतं.

मी ॲल्फ्रिस्टनहून परत आले त्यानंतरच्या वर्षी शहरातल्या एका वाड्याची मोजणी हातात आली. मालकांना चौक आणि सोपा मोकळा करून हवा होता, पार्टिशनं काढून. ते योग्यच होतं, लाकडाला श्वास घ्यायला जागा नव्हती. पण काढण्याआधी प्रत्येक पार्टिशन मोजलं, त्याच्या फळ्यांचे, खिळ्यांचे, रंगाच्या थरांचे फोटो घेतले, आणि नकाशात त्याची रेघ मूळ भिंतीइतकीच जाड काढली. देवडीत वीजमीटरच्या लाकडी पाट्या ओळीनं ठोकलेल्या होत्या, सात बिऱ्हाडांच्या सात, प्रत्येकीवर ऑइलपेंटनं आडनाव. मीटर केव्हाच गेले होते. पाट्या तशाच राहू द्यायला मालक तयार झाले.